साडेपाच तासांचा पूर्वेतिहास

१५ ऑगस्ट १९४७ च्या आरंभीची ती मध्यरात्र संगणकात यूटीसी, म्हणजे जागतिक समन्वित वेळेत, साठवली तर नोंद उमटते : १४ ऑगस्ट, १८ वाजून ३० मिनिटे. क्षण तोच, तारीख निराळी. आणि मुंबईतील जी घड्याळे अद्याप ‘मुंबई वेळ’ पाळत होती, त्यांत तेव्हा रात्रीचे ११ वाजून २१ मिनिटे झाली होती.

मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. त्यापूर्वी रेल्वे मद्रास वेधशाळेच्या वेळेवर धावे; कलकत्ता आणि मुंबई आपापल्या वेळेवर चालत. नवी वेळ मुंबईच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांना ती मान्य नव्हती. तेवढे आधी, अंधारात, कामावर जायचे कोणी? त्याच जानेवारीत असंतोष रस्त्यावर आला. शहरात जुनी वेळ १९५५ पर्यंत तग धरून राहिली.

पुढे महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभर घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळात रात्री सव्वाबाराला जन्मलेल्या मुलाची प्रमाणवेळ आदल्या रात्रीची सव्वाअकरा ठरते. पत्रिका मांडणारे ज्योतिषी हा तास न विसरता वजा करतात. प्रोग्रामर मात्र सर्रास ‘अधिक साडेपाच’ लिहून मोकळे होतात.

म्हणूनच घडून गेलेला क्षण यूटीसीत साठवावा आणि दाखवताना ‘एशिया/कोलकाता’ या नावाच्या कालविभागाचा आधार घ्यावा, ही रीत रूढ झाली. युद्धकाळातील तो तास त्या विभागाच्या माहितीत नोंदलेला आहे. मुंबई वेळ मात्र तिथे नाही. जुन्या मुंबईचे दप्तर संगणकावर चढवणाऱ्याला ती स्वतःच ओळखावी लागते. नुसती जन्मतारीख तर यूटीसीत नेऊच नये. ती दिवस म्हणूनच राहू द्यावी.

भविष्यातील वेळांचे गणित याहून नाजूक आहे. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ एक तास पुढे चालत आला आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी यूटीसीच्या साडेसहा तास पुढची वेळ सुचवली होती. उद्या ती स्वीकारली गेली, तर गुवाहाटीतील रुग्णाला आधीच दिलेली सकाळी ९ ची वेळ, जी केवळ ‘०३:३० यूटीसी’ म्हणून साठवली आहे, पडद्यावर १० दिसेल. डॉक्टर ९ वाजताच येऊन बसलेले असतील.