घनफळाच्या पुढचं माप

बांधकामावर मुकादम एका दमात सांगतो, ‘दोन ब्रास वाळू मागवा, तीन ब्रास फरशी झाली.’ वाळूचा ब्रास शंभर घनफुटांचा, फरशीचा शंभर चौरस फुटांचा. तरी कुणी गोंधळत नाही. माल कोणता, यावरून माप कळतं. गणितज्ञांना मात्र हे वळण घ्यायला बराच काळ लागला.

मापांची जुनी नावं हाताला लागणाऱ्या वस्तूंवरून पडली. क्षेत्र म्हणजे शेत. त्याचं फळ ते क्षेत्रफळ. इंग्रजी ‘एरिया’चं लॅटिन मूळ म्हणजे मोकळी जागा, धान्याचं खळं. ‘व्हॉल्यूम’ मुळात गुंडाळलेली पोथी. पोथीवरून तिचा आकार आणि मग कशाचंही आकारमान. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) खड्ड्याचं माप काढायला वेगळं प्रकरणच आहे : खातव्यवहार.

चौथ्या मितीत ना शेत, ना खड्डा. संख्यांचं मात्र त्यावाचून अडलं नाही. अज्ञात राशीचा चौथा घात भास्कराचार्य ‘यावव’ असा मांडत : यावत्-तावत् मधला ‘या’, पुढे वर्गाचा ‘व’ दोनदा. वर्गाचा वर्ग, बस्स. त्याला जागा कुठली, हा प्रश्नच नाही. युरोपात गणितज्ञ जॉन वॉलिसला १६८५ मध्ये तोच प्रश्न पडला. घनाला आणखी एका रेषेने गुणलं तर जे निघेल, त्याला त्याने निसर्गातला राक्षसच ठरवलं.

स्वित्झर्लंडच्या लुडविग श्लेफ्लीने १८५०–५२ मध्ये हव्या तितक्या मितींची भूमिती लिहून काढली. सबंध ग्रंथ छापून आला १९०१ मध्ये, तो गेल्यावर सहा वर्षांनी. तिथल्या मापाला जर्मनमध्ये नावाची सोय आधीच होती. ‘इनहाल्ट’ म्हणजे आत मावतं ते; आधी ‘फ्लेशेन’ लावलं की क्षेत्रफळ, ‘राउम’ लावलं की घनफळ. इंग्रजीत गणितज्ञ कॉक्सेटरने १९४८ च्या ग्रंथात त्याच अर्थाचा ‘कंटेंट’ वापरला. कुणी ‘हायपरव्हॉल्यूम’ म्हणतं, तर पुष्कळ जण नुसतं ‘व्हॉल्यूम’ म्हणून मितींचा आकडा जोडतात.

दोन मीटर बाजूच्या चौरसाचं माप ४ चौरस मीटर, घनाचं ८ घनमीटर. त्यांच्या चार मितींतल्या भावंडाचं १६. पण सोळा काय? मीटरचा चौथा घात, एवढंच म्हणता येतं; चौरस किंवा घन यांच्यासारखं घरगुती नाव त्याला अजून नाही. तोवर मुकादमाची रीत बरी : शब्द एकच ठेवावा, आणि कशाचं माप ते आधी सांगावं.