इमारतीची फाइल कोणाची?

१९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेच्या मासिकात एक लेख छापून आला. लेखक चार्ल्स ईस्टमन. शिक्षणाने वास्तुरचनाकार, नोकरी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की इमारतीचे नकाशे हाताने काढत बसणं आता सोडून द्यावं. एकच भिंत प्लॅनमध्ये काढायची, सेक्शनमध्ये पुन्हा काढायची आणि एलिव्हेशनमध्ये तिसऱ्यांदा. ती सहा इंच सरकली की तिन्ही कागद खोडून दुरुस्त करायचे. त्यातला एखादा राहून गेला, तर नेमक्या त्याच कागदावरून गवंडी काम करणार. त्यापेक्षा प्रत्येक भिंतीची, दाराची, तुळईची एकच नोंद संगणकात ठेवावी आणि हवा तो नकाशा तिच्यातून काढून घ्यावा. माल किती लागेल, खर्च किती येईल, याचा हिशेबही त्याच नोंदींतून निघावा.

ईस्टमन यांनी तशी प्रणाली बनवूनही दाखवली होती. पण ती चालायची पीडीपी-१० नावाच्या अवाढव्य संगणकावर, आणि तो विद्यापीठाला परवडला तरी नकाशे काढणाऱ्या कार्यालयाला परवडणारा नव्हता. त्यामुळे कल्पना कागदावर राहिली आणि कागद बोर्डावर.

ब्रिटनमध्ये त्याच दशकात ऑक्सफर्ड परिसरातली सरकारी रुग्णालयं ठरावीक मापाच्या सुट्या भागांतून बांधली जात होती. भागच ठरलेले, म्हणून त्यांची यादी संगणकात घालणं सोपं; तिथे केंब्रिजच्या तंत्रज्ञांनी असाच प्रयोग केला. १९८६ मध्ये रॉबर्ट एश यांनी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या तिसऱ्या टर्मिनलचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विमानतळ चालू ठेवून टप्प्याटप्प्याने बांधकाम करायचं, तर कोणत्या महिन्यात कोणता भाग उभा असेल हे मॉडेलने दाखवलं पाहिजे, असं त्यात होतं. ‘बिल्डिंग मॉडेल’ हा शब्द तेव्हापासून रुळला. त्यात ‘इन्फर्मेशन’ शिरलं ते १९९२ मध्ये, दोन डच अभ्यासकांच्या निबंधात. आज बांधकामाच्या जगात ज्याला सगळे ‘बिम’ म्हणतात, त्याची वंशावळ ही एवढी.

खरा बाजार उघडला तो मात्र अनपेक्षित जागी. १९८२ साली बुडापेस्टमध्ये, म्हणजे पोलादी पडद्याच्या पलीकडे, गाबोर बोयार या भूभौतिक शास्त्रज्ञाने भागीदारासह ग्राफिसॉफ्ट ही छोटी कंपनी काढली. हंगेरीतल्या पाक्श अणुवीज केंद्राच्या पाइपांचं त्रिमितीय मॉडेल हे त्यांचं सुरुवातीचं काम. पाश्चात्त्य देशांच्या निर्यातबंदीमुळे मोठे संगणक हंगेरीत येत नसत, म्हणून हे सगळं तुटपुंज्या यंत्रांवर बसवावं लागलं. अडचणीतून आलेली ही काटकसर पुढे कामी आली. अ‍ॅपलच्या टेबलावर मावणाऱ्या संगणकांवर चालेल एवढी आटोपशीर प्रणाली त्यांच्याकडे तयार होती. तीच पुढे ‘आर्किकॅड’ म्हणून जगभर गेली.

अमेरिकेत त्याच १९८२ मध्ये ऑटोडेस्कचं ‘ऑटोकॅड’ आलं आणि बघता बघता ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. पण ऑटोकॅडने नकाशाची रेघ तेवढी संगणकावर आणली. ईस्टमन यांची तक्रार जिथल्या तिथे राहिली. पडद्यावरच्या दोन समांतर रेघा म्हणजे भिंत आहे, हे बघणाऱ्याला कळत होतं, संगणकाला नाही.

बांधकामाच्या साइटवर याचा अर्थ काय होतो, हे कोणताही सुपरवायझर सांगेल. वास्तुरचनाकाराचं ड्रॉइंग एक, स्ट्रक्चरल इंजिनीअरचं दुसरं, प्लंबिंगचं तिसरं, एसीवाल्याचं चौथं. चारही आपापल्या जागी बरोबर. स्लॅब पडतो, सेंटरिंग निघतं, आणि मग लक्षात येतं की एसीचा डक्ट नेमका बीममधून जातो आहे. ‘साइटवर बघून घेऊ’ या वाक्यावर किती कोटींचं कोअर कटिंग झालं असेल याची गणती नाही.

तेव्हा १९९४ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्या कंपनीची फाइल सगळ्यांच्या टेबलावर होती, त्या ऑटोडेस्कनेच पुढाकार घेऊन बारा अमेरिकी कंपन्या-संस्थांना एकत्र आणलं. त्यात हनीवेल होती, एसी बनवणारी कॅरिअर होती, एचओके ही मोठी वास्तुरचना कंपनी होती, टिशमन ही बांधकाम कंपनी आणि लॉरेन्स बर्कली ही सरकारी प्रयोगशाळाही होती. सगळ्यांच्या प्रणालींना समजेल असं इमारतीचं एक सामाईक वर्णन तयार करायचं, हा हेतू. वर्षभरातच हे उमगलं की बारा जणांची गुप्त भाषा बाजाराच्या उपयोगाची नाही. १९९५ मध्ये सदस्यत्व सर्वांना खुलं झालं, १९९६ मध्ये संस्था आंतरराष्ट्रीय झाली. पुढे तिचं नाव ‘बिल्डिंगस्मार्ट’ पडलं, आणि तिने सांभाळलेल्या मानकाचं नाव ‘इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस’, म्हणजेच आयएफसी.

आयएफसीची फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते. आत साध्या अक्षरांत हजारो क्रमांकित ओळी असतात. ही भिंत, ही अमुक मजल्यावर, हा मजला तमुक इमारतीत, ही इमारत या भूखंडावर. यंत्रं आणि विमानांच्या भागांसाठी ‘स्टेप’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आधीच तयार होत होतं. त्याचीच लिहिण्याची रीत आयएफसीने उचलली. पण आतली समज बांधकामाची आहे, आणि ती फार मजेदार आहे. खिडकी थेट भिंतीत बसत नाही. आधी भिंतीची नोंद, मग त्या भिंतीत पाडलेल्या भोकाची स्वतंत्र नोंद, आणि मग त्या भोकात बसलेल्या खिडकीची. खिडकी काढली तरी भोक राहतं, अगदी साइटवर राहतं तसंच. प्रत्येक वस्तूला बावीस अक्षरांची स्वतःची ओळख असते, म्हणजे पुण्यात बनवलेल्या मॉडेलमधलं दार ऑस्लोच्या कार्यालयातही तेच दार म्हणून ओळखलं जातं. आणि ज्या वस्तूचं काय करावं हे प्रणालीला कळत नाही, तिच्यासाठी ‘प्रॉक्सी’ नावाचा एक सरसकट कप्पा आहे. मॉडेल आळसाने केलं आहे की निगुतीने, हे जाणकार त्या कप्प्यात किती माल भरला आहे यावरून ओळखतात.

मानक कागदावर चांगलं होतं. वापरायला कोण तयार होतं? इथे फिनलंडची गोष्ट तपशिलात सांगायला हवी. हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात, ओतानिएमीच्या तंत्रविद्यापीठात सहाशे आसनांचं सभागृह बांधायचं होतं. मालक सेनाटी, म्हणजे फिनलंड सरकारच्या इमारती सांभाळणारी संस्था. तिने ठरवलं की या कामात वास्तुरचना, वातानुकूलन आणि ऊर्जेचा हिशेब करणाऱ्यांनी एकमेकांशी आयएफसीतूनच बोलायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अभ्यासकही सोबत होते आणि त्यांनी २००२ मध्ये अहवाल लिहिला. वास्तुरचनाकाराचं मॉडेल थेट ऊर्जेच्या गणितात गेल्यामुळे इमारत आयुष्यभर किती वीज खाईल, याचे पर्याय आराखड्याच्या टप्प्यावरच तुलनेला आले. हा मोठा फायदा. पण माहिती एका दिशेने जाई तितकी नीट परत येत नसे. वाटेत गुणधर्म गळत, भूमिती बिघडे.

एखाद्याने इथे नाद सोडला असता. सेनाटीने सोडला नाही. १ ऑक्टोबर २००७ पासून तिने आपल्या प्रकल्पांत आयएफसी मॉडेल देणं सक्तीचं केलं. सरकारी काम हवं तर ही फाइल द्या, एवढं साधं. त्यामागे चिकाटी जुनी होती. फिनलंडमध्ये इमारतीच्या माहितीचं सामाईक मॉडेल कसं असावं यावर ऐंशीच्या दशकापासूनच काम चालू होतं आणि नव्वदच्या दशकात सरकारने त्यावर पैसा घातला होता.

आग्रह मालकाचाच का असतो, याचं उत्तर अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने २००४ मध्ये आकड्यांत दिलं. प्रणाली एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या इमारती आणि कारखान्यांच्या क्षेत्राला २००२ या एका वर्षात १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला, असा तिचा अंदाज होता. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भार बांधणाऱ्यांवर पडला नव्हता, तो पडला होता इमारतीचे मालक आणि ती चालवणाऱ्यांवर. ठेकेदार काम संपवून दोन वर्षांत निघून जातो. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या फॉल्स सीलिंगच्या मागे आहे, हे पुढची चाळीस वर्षं मालकाला शोधावं लागतं.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा स्वार्थ नेमका उलटा. बॉस्टनजवळच्या एका छोट्या कंपनीने २००० मध्ये ‘रेव्हिट’ आणलं. त्यात एका ठिकाणी केलेला बदल सगळ्या नकाशांत आपोआप उतरत असे, म्हणजे ईस्टमन यांचं जुनं स्वप्नच. २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी १३.३ कोटी डॉलरना विकत घेतली. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत उघडून साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. एकाने नवी आवृत्ती घेतली की प्रकल्पातल्या बाकीच्यांनाही घ्यावी लागते. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल वाचण्याची साधनं बनवणाऱ्या ‘ओपन डिझाइन अलायन्स’ या संघटनेला तर ऑटोडेस्कने २००६ मध्ये कोर्टात खेचलं होतं. १९९४ मध्ये सामाईक भाषेसाठी सगळ्यांना एकत्र आणणारी कंपनी ती हीच.

काळाचा सूड म्हणा. जुलै २०२० मध्ये झाहा हदीद आर्किटेक्ट्ससह ब्रिटनमधल्या अनेक नामांकित वास्तुरचना कंपन्यांनी ऑटोडेस्कच्या प्रमुखांना उघडं पत्र लिहिलं: परवान्याचे दर वाढतात, रेव्हिट मात्र सुधारत नाही. दोन महिन्यांनी ऑटोडेस्क त्याच ओपन डिझाइन अलायन्सची सदस्य झाली, आयएफसीची आयात-निर्यात सुधारण्यासाठी तिची साधनं वापरायला.

ब्रिटन सरकारनेही सक्ती केली, पण आपल्या पद्धतीने. २०११ च्या बांधकाम धोरणात २०१६ ची मुदत घातली, आणि केंद्र सरकारच्या प्रकल्पांत इमारतीची माहिती ‘कोबी’ नावाच्या तक्त्यात मागितली. कोबी हा आयएफसीचाच एक भाग, अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांकडे जन्मलेला. त्रिमितीय मॉडेलांच्या तीस वर्षांच्या खटाटोपानंतर सरकारच्या हाती शेवटी एक्सेलची पानं आली, याची ब्रिटिश अभियंते आजही थट्टा करतात. थट्टा रास्त नाही. इमारत सांभाळणाऱ्याला पंपाचा क्रमांक आणि वॉरंटीची तारीख हवी असते, आणि ती तक्त्यातच चटकन सापडते.

आयएफसीला २०१३ मध्ये पूर्ण आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, पण त्यात होत्या फक्त इमारती. रस्ता, पूल, रूळ यांना जागाच नव्हती, कारण इमारतीत मजले असतात आणि रेल्वेमार्गाला असते वळणावळणाने जाणारी मध्यरेषा. ती मानकात अधिकृतपणे आली २०२४ च्या आवृत्तीत. नागपूर मेट्रोचं काम सुरू झालं २०१५ मध्ये, आणि त्रिमितीला वेळ व खर्च जोडणारं ‘फाइव्ह-डी बिम’ तिथे वापरलं गेलं. सुमारे ४० किलोमीटरचा तो पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण खुला झाला. म्हणजे रुळांसाठीचं खुलं मानक येण्याच्या आधीच नागपूरकर त्या मेट्रोतून फिरत होते. अशा वेळी विकत घेतलेल्या प्रणालीच्या भाषेत काम करण्यावाचून गत्यंतर नसतं.

इमारतींची परवानगी हा आणखी एक धडा. सिंगापूरने १९९५ मध्ये ‘कोरनेट’ सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत आयएफसी मॉडेल वाचून नियम तपासणारी यंत्रणा उभी केली. काळाच्या फार पुढे असल्याने ती मागे पडली. पण २०२३ च्या अखेरीस सिंगापूर ‘कोरनेट एक्स’ घेऊन पुन्हा आयएफसीकडेच आलं. महाराष्ट्रातही परवानगीचं काम संगणकाने फार आधी हाती घेतलं. पुण्यातल्या सॉफ्टटेक कंपनीचं ‘ऑटोडीसीआर’ पुणे महापालिकेसह अनेक ठिकाणी वापरलं गेलं. त्याच्यापुढे ठेवला जातो तो ठरावीक लेयरमध्ये काढलेला कॅड नकाशा. सामासिक अंतरं, चटई क्षेत्र ते त्यातून मोजतं. कामाचा वेग वाढवणारी ही चांगली सोय आहे, पण तपासणी होते ती रेघांची. परवानगी मिळाल्यावर उरतो तोही नकाशाच, भिंती-खिडक्यांची नोंद उरत नाही.

ही नोंद मागण्याची जागा मात्र आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १७(२) नुसार भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि ताबा दिल्यावर विकसकाने इमारतीचे आवश्यक कागदपत्र आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेच्या हवाली करायचे असतात. ते कोणत्या स्वरूपात, याबद्दल कलम काही बोलत नाही. पुनर्विकासाच्या करारावर सही करायला बसलेल्या सोसायट्यांनी तिथे एक ओळ घालून घ्यावी: प्रत्यक्ष बांधलेल्या इमारतीचं मॉडेल आयएफसी फाइलमध्येही द्यावं. ती उघडून पाहण्याची मोफत साधनं आज कोणालाही उतरवून घेता येतात.