हिस्लॉपाइट आणि हंटराइट : नागपूरच्या दोन खनिजनामांचा इतिहास

नागपूरचा महाल हा भाग गोंड आणि भोसले या दोन्ही राजवटींच्या स्मृतींशी निगडित आहे. भोसल्यांचे राज्य चालू असतानाच, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरास आले. भाषाभ्यासकांस ते परिचित आहेत ते गोंडी गीतांच्या संग्रहामुळे. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी पुढे इंग्रजीचा सात खंडांचा शब्दकोश सिद्ध केला. या दोघांची नावे एके काळी खनिजांच्या यादीतही होती. त्या नावांचे पुढे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिस्लॉप व हंटर यांनी नागपूरच्या परिसरातील खडक व जीवाश्म यांचा धांडोळा घेतला आणि १८५५ मध्ये त्यावरील निबंध लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. शहराजवळील टाकळी हे त्यांचे एक प्रमुख स्थळ होते. नागपूरकडील नमुने डब्लिन येथील प्राध्यापक सॅम्युएल हॉटन यांच्याकडे पोहोचले. १८५९ मध्ये त्यांनी टाकळीच्या एका हिरव्यागार खनिजास ‘हिस्लॉपाइट’ आणि अॅल्युमिनियमच्या एका जलयुक्त सिलिकेटास ‘हंटराइट’ ही नावे दिली.

हिस्लॉपाइटाचा रंग पाहणारास चकवणारा आहे. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत लोहयुक्त हिरवी सिलिकेटे आढळतात. त्यामुळे असा खडा हाती येताच तो सिलिकेटच असावा असे वाटते. परंतु हा खडा फोडला असता तिरकस चौकोनी फलकांत दुभंगतो. ही कॅल्साइटाची खूण होय. त्यावर सौम्य अम्लाचा थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात. हिरव्या सिलिकेटांचे असे होत नाही. तुकडा अम्लात पूर्ण विरघळू दिला, तर तळाशी हिरवा गाळ उरतो. तोच सिलिकेटाचा अंश. म्हणजे देह कॅल्साइटाचा आणि रंग त्यात मिसळलेल्या ग्लॉकोनाइटसदृश सिलिकेटाचा. ही परीक्षा शेताच्या बांधावर बसूनही करता येते. तिचा निष्कर्ष असा की, हिस्लॉपाइट हे स्वतंत्र खनिज नसून मिश्रण आहे. आज ते कॅल्साइटाचा एक प्रकार म्हणूनच नोंदले जाते. हंटराइटही स्वतंत्र खनिज म्हणून टिकले नाही; ते मृत्तिकावर्गात विलीन झाले.

कोशकाराच्या व्यवहारातही असे घडते. एखादा अपपाठ शब्द म्हणून कोशात शिरतो आणि एका कोशातून दुसऱ्यात उतरत जातो. तो कोणी, कोठे वापरला हे विचारले की त्याचा आधार नाहीसा होतो. नाव नोंदले गेले म्हणून वस्तूचे अस्तित्व सिद्ध होत नाही, ही गोष्ट हिस्लॉपाइटाने खनिजशास्त्रात दाखवून दिली.

तथापि या संग्राहकांचे श्रम व्यर्थ गेले असे म्हणता येणार नाही. नमुना टाकळीचा, ही नोंद राहिली म्हणूनच पुढील अभ्यासकांस चुकीचे मूळ शोधता आले. हिस्लॉप यांनी लिहून घेतलेल्या लिंगोच्या गीताचेही तसेच आहे. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ कोणी बदलील. पण गाणारा परधान होता आणि भाषा गोंडी होती, ही नोंद अभ्यासकाच्या हाती राहते. टाकळी आज शहराच्या वस्तीत सामावली आहे. तेथील खडक झाकला गेला, खनिजाचे नावही मागे पडले. स्थळाची नोंद मात्र अद्याप उपयोगी पडते. संग्राहकाचे पहिले कर्तव्य नामकरण नव्हे, नोंद हे होय.