स्वमग्नता : वसई-विरारच्या संदर्भात

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात अवस्था आहे. लक्षणे लहानपणीच दिसू लागतात आणि ही अवस्था आयुष्यभर राहते. इतरांशी संवाद साधणे व मिसळणे अवघड जाते, त्याच त्या हालचाली, तेच छंद आणि तोच क्रम धरून ठेवण्याची ओढ असते. आवाज, उजेड, स्पर्श, चव यांची जाणीव फार तीव्र किंवा फार मंद असू शकते. एखादा मुलगा सात वर्षांचा होऊनही एक शब्द बोलत नाही. एखादी मुलगी चर्चगेटपासून डहाणूपर्यंतची स्थानके क्रमाने म्हणून दाखवते, पण मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खायचा हे तिला उमगत नाही. निदान दोघांचेही एकच असू शकते.

जानेवारी २०२१ मध्ये जिया राय या बारा वर्षांच्या स्वमग्न मुलीने अर्नाळा किल्ल्यापासून वसई किल्ल्यापर्यंतचे २२ किलोमीटर अंतर सुमारे सात तासांत पोहून पार केले. पुढच्याच महिन्यात तिने वांद्रे-वरळी सागरी सेतू ते गेटवे ऑफ इंडिया हे ३६ किलोमीटरचे अंतर कापले. २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी आणि २०२४ मध्ये इंग्लिश खाडीही तिने पार केली. २०२२ चा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार तिला मिळाला. अर्नाळ्याच्या कोळ्यांनाही दाद द्यावीशी वाटेल अशीच ही कामगिरी. मात्र तिच्याकडे पाहून प्रत्येक स्वमग्न मुलात एखादा असामान्य गुण दडलेला असतो असे मानणे योग्य नाही. तसा गुण थोड्यांतच आढळतो. स्वमग्नतेसोबत बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, काहींना फिट्सही येतात. अशा मुलांच्या घरी स्वतःच्या हाताने जेवणे किंवा लघवी लागल्याचे सांगता येणे, हाच वर्षभराच्या कष्टाचा पल्ला असतो.

वसईत पाण्याचा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. स्वमग्न मुले कुणाच्या नकळत घराबाहेर पडतात आणि त्यांतल्या पुष्कळांना पाण्याची विलक्षण ओढ असते. बुडणे हे अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. इथल्या वाड्यांमध्ये बावखले म्हणजे छोटी तळी आहेत, विहिरी आहेत, पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला खाडी. म्हणून दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी, विहिरीवर जाळी, मुलाच्या मनगटावर फोन नंबर लिहिलेला पट्टा आणि शेजारीपाजारी, दुकानदार व नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना मुलाची ओळख, एवढी तयारी असायलाच हवी. मूल दिसेनासे झाले, तर आधी जवळचे पाणी पाहावे, बाकीचा शोध नंतर. पोहणे शक्य तितक्या लवकर शिकवावे.

लक्षणे दीड वर्षाच्या आतही जाणवू शकतात. मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी आईचा हात धरून तिथवर नेते, खेळण्यातली गाडी चालवण्यापेक्षा तिची चाके फिरवत बसते. काही मुले चार शब्द बोलू लागतात आणि मग ते शब्दही मावळतात. "बापावर गेलाय, तोही उशिराच बोलला," असे म्हणत घरात वर्ष-दोन वर्षे निघून जातात. हा काळ वाया जाणे सगळ्यात महागात पडते, कारण मुलाला मदत जितकी लवकर मिळेल तितकी ती उपयोगी पडते. निदान पक्के होण्याची वाट न पाहता मुलाशी खेळण्या-बोलण्याचे काम सुरू करता येते. मुलींमध्ये ही अवस्था पुष्कळदा उशिरा ओळखली जाते, कारण त्या इतरांचे अनुकरण करून अडचण झाकतात.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तर व्हिएन्नात हान्स आस्परगर यांचा निबंध १९४४ मध्ये आला. त्यानंतर बराच काळ आईच्या कोरड्या वागण्यावर ठपका ठेवला गेला. तो सर्वस्वी चुकीचा होता. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसते. लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, आणि त्यानंतरच्या मोठ्या पाहण्यांत लसीशी कसलाही संबंध आढळला नाही.

भारतातील प्रमाणाचा अंदाज देणारी एक महत्त्वाची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी तीत होती आणि त्यांत आपल्या शेजारचा उत्तर गोवा होता. स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक असे निघाले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. हे प्रमाण लावले तर या शहरातल्या मोठ्या शाळांमध्ये प्रत्येकी काही स्वमग्न मुले असणारच, त्यांची नोंद झालेली असो वा नसो.

वसईतल्या घरांना एक सल्ला वारंवार मिळतो: बोली सोडा, मुलाशी एकाच भाषेत बोला, शक्यतो इंग्रजीत. आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलते, आई-वडील मराठी, शेजार हिंदी-गुजराती, शाळा इंग्रजी. एवढ्या भाषांनी मूल गोंधळेल, ही भीती समजण्यासारखी आहे. पण घरात दोन भाषा असल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी मागे पडते असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट, हा सल्ला पाळल्यावर आजी नातवाशी बोलेनाशी होते आणि आधीच थोडी असलेली माणसे आणखी एकाने कमी होतात. न बोलणाऱ्या मुलाच्या चित्रकार्डांवर त्याच्या घरातलाच शब्द लिहावा.

ही कार्डे साधीच असतात. विरारहून शाळेला किंवा थेरपीला निघायचे तर पुठ्ठ्याच्या पट्टीवर ओळीने पाच चित्रे लावायची: चपला, रिक्षा, पूल, लोकल, मॅडमचा चेहरा. एकेक टप्पा झाला की मूल ते चित्र काढून पाकिटात टाकते. पुढे काय होणार हे कळल्यावर जीव निम्मा शांत होतो. तरीही फलाटावरच्या घोषणा, भोंगे आणि रेटारेटी सहन झाली नाही, तर मूल कान झाकून जमिनीवर बसते, किंचाळते, हात चावते. बघ्यांना तो हट्ट वाटतो. पण ते वागणे त्या वेळी मुलाच्या ताब्यात नसते. आवाज अडवणारे हेडफोन, गर्दी टाळून निवडलेली वेळ आणि भोवतालच्यांनी थोडी जागा करून देणे, याचा उपयोग रागावण्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. गणपतीतले ढोल, लग्नाचा बँड, दिवाळीचे फटाके यांनाही हेच लागू.

स्वमग्नता 'बरी' करणारे औषध नाही. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण आणि पालकांना दिलेले प्रशिक्षण यांनी रोजचे जगणे सुकर होते. झोप, फिट्स, अतिचंचलता यांवर डॉक्टर वेगळे उपचार करतात. स्टेम सेलच्या नावाखाली पालकांकडून लाखो रुपये उकळले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. घर गहाण टाकण्याआधी पालकांनी हे जाणून घ्यावे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला जागा मिळाली. प्रमाणपत्रासाठी भारतात तयार झालेली चाळीस प्रश्नांची मापनपट्टी वापरतात. तीत ७० किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास स्वमग्नता मानली जाते. प्रमाणपत्रावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, निघते. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकऱ्यांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का राखीव जागा आहेत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा असून थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

अठरा वर्षे पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना बँकेत खाते उघडताना कळते. ज्यांना स्वतःचे व्यवहार पाहणे शक्य नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. या समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून जिल्ह्याचे मुख्यालय पालघरला आहे, त्यामुळे वसई-विरारच्या पालकांना या कामासाठी ठाण्याऐवजी पालघर गाठावे लागते. मुलगा सतरा वर्षांचा झाला की कागदपत्रे जमवायला लागावे.