शिजऱ्यातून दप्तराकडे

महाराष्ट्रातील बहुतेक मुसलमान घरांत एक शिजरा असतो. काही घरांत तो कागदावर असतो, काही घरांत बुजुर्गांच्या जिभेवर. त्याची रचना सगळीकडे जवळपास सारखी. सर्वांत वर एक मूळपुरुष, तो अरबस्तान, इराण नाहीतर बगदादहून आलेला. त्याच्याखाली मुलगे, नातू, पणतू आणि शेवटी आपण. मधल्या पाच-सहा पिढ्या पुसट असतात, पण वरचे नाव मात्र ठळक. आमच्या घरीही असा शिजरा आहे आणि त्याविषयी आम्हाला आदर आहे. पण आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासाच्या शिक्षकाने मुलांना अकबराचा वंश पाठ करायला लावावा आणि स्वतःच्या पणजोबांचा धंदा माहीत नसावा, हे काही बरे नव्हे. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आम्ही एक ध्येय ठरवले. आपल्या खानदानाच्या सात पिढ्या शोधायच्या, त्याही कागदाच्या आधाराने.

बाहेरून कोणी आलेच नाहीत असे म्हणणे चुकीचे ठरेल. कोकण किनाऱ्यावर अरब व्यापारी फार पूर्वीपासून येत होते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा प्रवासी सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. बहमनींचा वजीर महमूद गावान इराणच्या गिलानचा. मलिक अंबर हबशी. पण राज्य चालवायला आलेले मूठभर, आणि गावोगाव सूत कातणारे, कापूस पिंजणारे, तेल-अत्तर विकणारे, बागाईत करणारे हजारो. हे हजारो इथल्याच मातीतले. मग त्यांच्या शिजऱ्यात बगदाद कुठून आले? उत्तर सोपे आहे. समाजात अश्राफ आणि अजलाफ अशी उतरंड होती. सय्यद, शेख, मोगल, पठाण वर आणि कष्टकरी खाली. ज्या समाजात श्रमाला मान नाही, तिथे माणूस आधी आपला धंदा लपवतो आणि मग आपला आजा बदलतो.

आमचे घराणे मुलाण्याचे. हे आडनाव सातारा, सांगली, सोलापूर, पुणे या भागांत गावोगाव सापडते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत. त्यांतल्या तिसऱ्या ओळीत भट, गुरव आणि कोळी यांच्याबरोबर मुलाणा आहे. गावात बकरे कापायचे ते मुलाण्याने. मशिदीची देखभाल त्याच्याकडे, मोहरमच्या ताबुताची व्यवस्थाही बहुधा त्याच्याकडेच. जत्रेला मराठ्यांच्या घरचे बकरेही त्याच्याच सुरीखाली जाई आणि त्याचा ठरलेला वाटा त्याला मिळे. सुगीला खळ्यावर त्याचे बलुते वेगळे काढले जाई. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसली की पाटील, कुलकर्णी, चौगुला यांच्याबरोबर बलुतेदारही साक्षीला बसत, त्यांत मुलाणाही असे. म्हणजे आमच्या पूर्वजाला गावात जागा होती. ती कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नव्हती, कामाच्या हक्काची होती.

पण हे सारे कागद मोडीत. मोडीचा शासकीय वापर १९५० च्या सुमारास बंद पडला आणि दोन पिढ्यांत मोडी वाचणारे घरटी सोडाच, गावटीही राहिले नाहीत. आम्ही मोडी शिकायला बसलो. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरे खाली लोंबकळत ठेवायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द तोडायचे कुठे ते आपणच ठरवायचे. उर्दूत जेर-जबर न लिहिता वाचायची सवय असलेल्या माणसाला हे तितकेसे परके वाटत नाही. चार-सहा महिने रोज रात्री तासभर सराव केला, तेव्हा कुठे ओळी सुटू लागल्या.

आणि मग एक मौज झाली. मराठी कागदावरची तारीख वाचताना आम्हाला अरबी आठवावी लागली! पेशवाईतल्या कागदावर साल लिहिलेले असते ते असे: ‘सलास खमसैन मया व अलफ’. सलास म्हणजे तीन, खमसैन म्हणजे पन्नास, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११५३. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५२ येते. शुहूर वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून त्याचे शेवटचे काही महिने १७५३ मध्ये जातात. साल अरबी आकड्यांचे, महिना रजब किंवा रमजान, वर्षाचा आरंभ शेतकऱ्याच्या मृगाचा आणि लिहिणारा ब्राह्मण कारकून! एवढेच नाही, तर पाटलाच्या नावापुढे बापाचे नाव जोडताना ‘बिन’ येते. तोही अरबी शब्द. एका तारखेत आणि एका नावात एवढा इतिहास आहे. वर्गात हे फळ्यावर लिहिले की मुले आधी हसतात, मग गप्प होतात आणि मग आपापल्या घरच्या कागदांविषयी विचारू लागतात.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात जाणे म्हणजे आमच्यासारख्या मास्तरांच्या आयुष्यातली मोहीमच. अर्ज करा, नक्कल फी भरा, तारीख घ्या, रजा टाका. मग कापडात बांधलेले रुमाल सुटतात आणि धूळ नाकात जाते. आमच्या उपयोगाचे तीन कागद तिथे निघाले. पहिला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. दुसरा इनाम जमिनीचा उतारा. तिसरा फेरफार. कोतवाल बुकात पणजोबांच्या जन्माची एक ओळ सापडली. बापाचे नाव, तारीख आणि जातीच्या रकान्यात ‘मुलाणी’. उताऱ्यात त्या बापाच्याही बापाचे नाव होते आणि गावच्या चाकरीबद्दल दिलेला जमिनीचा लहानसा तुकडा. समाजोपयोगी सेवा इनामे १९५३ च्या कायद्याने रद्द झाली. जमीन सरकारजमा होऊन ठरावीक रक्कम भरल्यावर धारकाला पुन्हा मिळण्याची तरतूद त्यात होती. ज्यांना वाचता येत होते, त्यांनी रक्कम भरली. ज्यांना येत नव्हते, त्यांतल्या अनेकांच्या हातून जमीन गेली. शिक्षण नसण्याची किंमत काय असते, हे आमच्या खानदानाला गुंठ्यांत मोजून सांगता येते.

सात पिढ्यांचे ध्येय होते, पाच सापडल्या. पण त्या पाच पिढ्यांत एकही बाई नव्हती. शिजऱ्यातही नव्हती आणि दप्तरातही नव्हती. बाया सापडल्या त्या काझींच्या निकाहनाम्याच्या जुन्या वहीत. ही वही उर्दूत. तिथे वधूचे नाव, तिच्या बापाचे नाव, गाव, वकील, दोन गवाह आणि मेहेरची रक्कम लिहिलेली असते. आमच्या पणजीचे नाव आम्हाला तिथे पहिल्यांदा कळले. ती तीस कोसांवरच्या एका पिंजाऱ्याची लेक होती. तेव्हा लक्षात आले की आमच्या घराचा इतिहास दोन लिप्यांत वाटला गेला आहे. पुरुषांचे काम मोडीत, बायकांचे नाव उर्दूत. दोन्ही वाचल्याशिवाय घर पुरे होत नाही. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ सालच्या ग्रंथात दाखवले आहे की दख्खनमध्ये दीन पोहोचला तो मोठ्या प्रमाणात जात्यावर बायका गात असलेल्या दख्खनी चक्कीनाम्यांतून. ज्यांच्या गळ्यातून दीन घरात आला, त्यांचीच नावे शिजऱ्यात नसावीत?

कोणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा छंद आहे. वाचकहो, तसे नाही. आमच्या परिचयातल्या एका हुशार मुलीचे उदाहरण घ्या. तिला इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता. मुस्लिम ओबीसी चळवळीच्या लढ्यामुळे डिसेंबर १९९४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला आणि अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मुलाणी अशा जमातींचा मार्ग मोकळा झाला. पण पुरावा लागतो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि तोही बापाच्या बाजूचा. तिच्या आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’. मुसलमान हा धर्म आहे, ती जात नव्हे. तिथे दाखला अडला. घरात शिजरा होता, त्यात इराण होते. पण इराणच्या नावाने दाखला मिळत नाही. शेवटी तिच्या पणजोबांची कोतवाल बुकातली मोडी नोंद सापडली. जात ‘पिंजारी’. ज्या शब्दाची घरच्यांना लाज वाटत आली होती, त्याच शब्दाने मुलीला कॉलेजचा दरवाजा उघडून दिला.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्याच दप्तरांत आपलीही नावे आहेत. ती वाचायला आपल्यातले किती जण पुढे आले? त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि सुमारे १९ लाख माणसे तिच्या बाहेर राहिली. लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांना बापाशी नाते सिद्ध करताना फार त्रास झाला. निकाहनाम्याच्या वहीची किंमत तेव्हा कळते.

आणखी एक गोष्ट आहे. ‘तुम्ही बाहेरून आलात’ असे आम्हाला भर चौकात ऐकवले जाते. आम्ही रागावतो. पण घरी येऊन मुलांना तोच बगदादचा शिजरा ऐकवतो. म्हणजे त्यांच्या घोषणेवर आपणच शिक्का मारतो. खळ्यावर बलुते घेणारा, गोतसभेत साक्षीला बसणारा, मृगाच्या वर्षात रमजान मोजणारा पूर्वज सांगितला, तर या घोषणेला वेगळे उत्तर द्यावे लागत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ या आठवड्यात बसा. नाव, गाव, धंदा विचारून घ्या. काझींच्या जुन्या वह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. तालुक्याला एक तरी मुसलमान मुलगा-मुलगी मोडी शिकलेली हवी.

आम्ही आमच्या सातवीच्या वर्गाला एक गृहपाठ दिला होता. दोन आजोबा आणि दोन आज्या, अशी चार नावे आणि प्रत्येकाचे काम लिहून आणायचे. आजोबांची नावे दुसऱ्याच दिवशी आली. आज्यांची नावे यायला आठ दिवस लागले. एका मुलीने आजीच्या कामासमोर लिहिले होते, ‘विड्या वळायची.’ आम्ही ते लाल शाईने अधोरेखित केले आणि पुढे दहापैकी दहा गुण लिहिले.