हमीदाराचा रकाना

धर्मकार्यासाठी परदेशातून येऊ इच्छिणाऱ्या माणसाच्या अर्जात एक रकाना असतो. नाव, गाव, राष्ट्रीयत्व, पारपत्राचा क्रमांक हे सारे भरून झाले, की त्याला कोणी बोलावले, कोणत्या कामासाठी बोलावले आणि त्याची जबाबदारी कोण घेणार हे लिहावे लागते. सरकारी कचेरीत हयात घालवलेल्या आम्हांला अशा रकान्यांचा परिचय रोजचा. परंतु मराठी मुलखाच्या इतिहासात हा रकाना छापील अर्जाच्या फार आधीपासून आहे. ‘ख्रिस्तपुराण’, केरीचे मराठी व्याकरण, मनमाडच्या माळरानावरच्या विहिरी, या साऱ्यांच्या मागे कोणी तरी कोणासाठी तरी हमी राहिलेले आहे, किंवा हमी राहण्याचे नाकारलेले आहे. त्या हमीचा हा धावता मागोवा.

प्रारंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून करणे योग्य. हा जन्माने इंग्रज. लिस्बनहून निघून ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्यास पोहोचला. त्या काळी पूर्वेकडच्या मिशनकार्याचा मक्ता पोर्तुगालच्या राजाकडे होता. धर्मगुरू कोणत्याही देशाचा असो, त्याने लिस्बनहून, पोर्तुगीज जहाजातून आणि राजाच्या संमतीने निघायचे, असा शिरस्ता होता. म्हणजे या इंग्रज माणसाचा हमीदार पोर्तुगालचा राजा. मायदेशी कॅथलिक धर्मगुरूला आसरा नव्हता. १५८५ च्या कायद्याने तर तेथे त्याचे अस्तित्वच राजद्रोह ठरले. साष्टीत सुमारे ४० वर्षे राहून स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून काढले, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी सांगितली जाते ती १५८३ ची हकीकत. रॅल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी हेरगिरीच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्याच्या खटपटीत स्टीफन्स होता. स्वतः दुसऱ्याच्या हमीवर राहणारा माणूस देशबांधवांसाठी जामीन मिळवून देत होता. पुढे फिच जामीन टाकून गोव्याबाहेर निसटला, ही गोष्ट वेगळी.

दुसरा माणूस विल्यम केरी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात राहायचे तर इंग्रजालाही कंपनीचा परवाना लागे, आणि मिशनऱ्यांना तो देण्यास कंपनी नाखूष असे. धर्माच्या प्रश्नावरून प्रजा बिथरली तर व्यापार बुडेल, हा तिचा हिशेब. केरी नोव्हेंबर १७९३ मध्ये डॅनिश जहाजातून, परवान्यावाचून, कलकत्त्यास उतरला. त्याला आधार दिला जॉर्ज उडनी या कंपनीच्या अधिकाऱ्याने: मालद्याजवळ मुदनाबाटी येथील आपल्या निळीच्या कारखान्यावर त्याने केरीला व्यवस्थापक नेमले. त्यामुळे कागदोपत्री केरी निळीचा कारखानदार झाला आणि त्याच नात्याने त्याला राहण्याची मुभा मिळाली. निळीच्या आडून तो भाषा शिकत होता, भाषांतरे करीत होता. १८०० च्या आरंभी तो श्रीरामपूर या डेन्मार्कच्या वसाहतीत गेला, कारण तेथील डॅनिश गव्हर्नर मिशनऱ्यांना अभय देत असे. पुढे मात्र त्याच कंपनीला तिच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणारा माणूस हवा झाला. परवान्यावाचून उतरलेला केरी फोर्ट विल्यम महाविद्यालयात अध्यापक झाला. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश सिद्ध केला. ज्या सरकारने प्रवेश नाकारला त्याच सरकारने पगार दिला. प्रशासनात हे अशक्य नसते. फाइल तीच राहते, गरज बदलते.

मुंबईची कथा अधिक नाट्यमय आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१२ मध्ये कलकत्त्यास आले. त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले. कलकत्त्याच्या सरकारने त्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. ते निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. येथील गव्हर्नर सर इव्हान नेपियन धर्मशील आणि सहानुभूतीचा माणूस, परंतु वरचा हुकूम त्याच्या टेबलावर होता: यांना इंग्लंडला रवाना करा. वर्षअखेरीस दोघे गुपचूप गलबतातून कोचीनला निघून गेले. तेथून त्यांना परत आणवण्यात आले. अखेर हॉलने गव्हर्नरकडे लेखी अर्ज करून सदसद्विवेकाच्या भाषेत दाद मागितली. नेपियनने हुकूम मोडला नाही आणि बजावलाही नाही. तो वेळ काढीत राहिला. दरम्यान लंडनमध्ये वारे फिरले, आणि दोघांना मुंबईत राहू देण्यात आले. या वेळकाढूपणाला आम्ही दोष देणार नाही. हुकूम आणि माणुसकी यांच्या मध्ये सापडलेल्या अधिकाऱ्याच्या हाती पुष्कळदा तेवढेच असते.

१८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवाना मागण्याचा मार्ग मोकळा केला; कंपनीने नाकारला तर बोर्ड ऑफ कंट्रोलकडे दाद मागता येई. १८३३ च्या कायद्याने परवान्याची अट बहुतांशी गेली. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतला. हॉल मात्र १३ वर्षे मुंबईत राबला आणि मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. त्याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे घातले आणि १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. मराठी पत्रसृष्टीचा एवढा दीर्घायुषी वृक्ष ज्या रोपातून वाढला, त्याला उपटून टाकण्याचा हुकूम लेखी निघालेला होता.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. पैनगंगेच्या या काठावर निजामाचे राज्य होते आणि परक्याच्या येण्याजाण्यावर निजाम सरकार व ब्रिटिश रेसिडेन्सी अशी दुहेरी नजर असे. येथील उदाहरण धर्मसेवकाचे नाही, तरी हमीच्या प्रश्नावर याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९३९ मध्ये हैदराबाद संस्थानात असताना महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झालेला असल्याने त्यांच्या खिशातले पारपत्र जर्मन होते, म्हणजे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. इतर अनेकांच्या नशिबी छावणी आली. निजाम सरकारने त्यांना संस्थानाच्या हद्दीत राहून काम करण्याची मुभा दिली. ती हद्द हाच त्यांचा तुरुंग आणि तेच त्यांचे अभ्यासक्षेत्र झाले. १९४० मध्ये कुमराम भीम यांचा जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात अंत झाल्यावर गोंडांचे दुखणे समजून घेण्याची निकड सरकारला भासली. हायमेनडॉर्फ पतिपत्नीने मार्लवाई या गोंड खेड्यात मुक्काम केला. १९४३ पासून तेथे गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र चालले, देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके निघाली आणि पुढे हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. सरकार ज्याच्यासाठी हमी राहिले, तो माणूस सरकारपुढेच गोंडांसाठी हमी राहिला. बेटी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये निवर्तल्या. त्यांची समाधी मार्लवाईला आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पालटला. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचरणाचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य सर्व ‘व्यक्तींना’ दिले. देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य १९ व्या कलमाने केवळ ‘नागरिकांना’ दिले. परदेशी धर्मसेवक या दोन कलमांच्या मधल्या फटीत उभा आहे. १९५४ मध्ये मध्यप्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तेव्हा विदर्भ त्याच राज्यात होता, म्हणजे आमच्या शेजारचा चांदा जिल्हाही. धर्मांतर हेच ज्यांचे मुख्य उद्दिष्ट आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस समितीने १९५६ च्या अहवालात केली. अहवालावर रण माजले. आमचे मत असे की, परक्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला तिचा हेतू विचारण्याचा सरकारचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु हेतू तपासण्याचे यंत्र कोणत्याच सरकारजवळ नसते. सरकारला काम दिसते, आणि कामावरून हेतूचे अनुमान करावे लागते. त्या अनुमानात जो गोंधळ होतो, त्याचे ठळक उदाहरण म्हणजे फादर फेरर.

व्हिसेन्ते फेरर, जन्म १९२०, बार्सिलोनाचे. जेसुइट म्हणून ते १९५२ मध्ये मुंबईस आले आणि पुढे मनमाडला स्थिरावले. मनमाडचा परिसर अवर्षणाचा. शेतकरी सावकाराच्या वहीत बुडालेला. फेरर यांची रीत साधी होती. शेतकऱ्याने आपल्या रानात स्वतः विहीर खोदावी. खोदाई चालू असेतो त्याच्या घरी गहू आणि तेल पोहोचेल. पाणी लागले की कर्जाने इंजिन येईल. विहीर खोदणाऱ्याला हातात रोख मिळत नसे, त्यामुळे ती उधळलीही जात नसे. मदत मागणाऱ्यास धर्म विचारला जात नसे, असे त्यांचे चाहते सांगत. गव्हामागून धर्मांतर येईल, असे विरोधक म्हणत. स्थानिक पुढाऱ्यांना तिसरीच भीती होती. ज्याच्या शब्दावर खेडी हलतात असा माणूस त्यांच्या गोटात नव्हता.

१९६८ मध्ये त्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले. महाराष्ट्रात तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. आदेश निघाला, आणि मग जे घडले ते परवान्यांच्या इतिहासात विरळा होय. मनमाड भागातील सुमारे ३०,००० शेतकऱ्यांनी मुंबईच्या दिशेने अडीचशे किलोमीटरांचा मोर्चा काढल्याची नोंद आहे. अर्जातील हमीदाराच्या रकान्यात एका परदेशी संघाचे नाव होते; रस्त्यावर मात्र हमी द्यायला उभे राहिले होते हे शेतकरी, ज्यांच्या सहीसाठी त्या अर्जात जागाच नव्हती. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तोडगा काढला. फादर फेरर अल्पकाळ सुटीसाठी बाहेर जातील आणि त्यांचे भारतात पुन्हा स्वागत होईल, अशा आशयाची तार त्यांनी दिली. हद्दपारीला सुटी म्हणणे यात राजकारणाचे सारे कौशल्य आले.

ते १९६९ मध्ये परतले. परंतु महाराष्ट्रात नव्हे. आंध्र प्रदेशाने त्यांना घेतले आणि ते अनंतपूर या देशातील अत्यंत अवर्षणग्रस्त जिल्ह्यात गेले. तेथे त्यांनी ग्रामीण विकास न्यास स्थापिला. १९७० मध्ये त्यांनी जेसुइट संघ सोडला आणि विवाह केला. म्हणजे ज्या संघाच्या हमीवर ते या देशात आले तो मागे राहिला, धर्मगुरूपण गेले, आणि विहिरी, शाळा, इस्पितळे, घरे हे काम तेवढे उरले. १९ जून २००९ रोजी ते अनंतपूरलाच वारले. महाराष्ट्राने गमावले आणि आंध्राने मिळवले, असे त्या राज्याची नोकरी केलेल्या आम्ही म्हणावे हे कदाचित शोभणार नाही; पण वस्तुस्थिती तीच आहे.

कायदा मात्र शेतकऱ्यांच्या मोर्चाने बदलला नाही. १९३७ पासून भारतात राहिलेले बेल्जियन मिशनरी लुई द राएट यांना १९८७ मध्ये देश सोडण्यास सांगण्यात आले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की परकीयाला जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण आहे, पण येथे स्थायिक होण्याचा हक्क नाही. पन्नास वर्षे राहिलेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने मुदतीवरच राहत असतो. आजही मिशनऱ्यांसाठी वेगळ्या वर्गाचा व्हिसा आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली असली, तरी रकाना तोच आहे.

याच रकान्यात आता आपली माणसेही बसतात, पण पलीकडच्या देशात. अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये धर्मसेवकांसाठी ‘आर-वन’ नावाचा तात्पुरता व्हिसा सुरू केला. देवळाने अर्ज करायचा, पुजाऱ्याने किमान दोन वर्षे त्याच संप्रदायात असल्याचे दाखवायचे, आणि मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षे. २००८ पासून अधिकारी देवळात येऊन पाहणी करू शकतात. देवळाशी संबंध तुटला तर गुरुजींच्या पायाखालची जमीनच सरकते. कारण व्हिसा देवळाच्या अर्जावर आहे. २०२१ मध्ये न्यू जर्सीतील रॉबिन्सव्हिलच्या हिंदू मंदिराबाबत तेथील न्यायालयात दावा दाखल झाला. धर्मसेवक म्हणून आणलेल्या माणसांकडून अल्प मोबदल्यात दगडी बांधकाम करवून घेतले, असा त्यात आरोप होता. मंदिर संस्थेने तो नाकारला, आणि अमेरिकी सरकारने आपली चौकशी २०२५ मध्ये बंद केली. आरोपाचे खरेखोटे काही असो, कागदावर एक काम आणि हाती दुसरे, हा केरीच्या निळीइतका जुना प्रश्न तेथे पुन्हा विचारला गेला. फरक एवढाच, की केरीने आड स्वतः निवडली होती.

आदिलाबादपुरते बोलायचे तर हा रकाना बहुतांशी रिकामा झाला आहे. नागपूरच्या कॅथलिक धर्मप्रांताची घडी फ्रान्समधील आनसीहून आलेल्या संघाच्या धर्मगुरूंनी बसवली होती. त्यातून १९६२ मध्ये चांद्याचा भाग वेगळा काढून केरळातील कार्मेलाइट संघाकडे सोपवण्यात आला, आणि १९९९ मध्ये चांद्यातून आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप जोसेफ कुन्नत त्याच केरळी संघाचे. या फेररचनेची कारणे चर्चच्या अंतर्गत व्यवस्थेत होती. पण एक परिणाम उघड आहे. येथे येणाऱ्या धर्मगुरूला पारपत्र लागत नाही, मुदतवाढ लागत नाही आणि पोलीस कचेरीत नोंद करावी लागत नाही. तेलुगू आणि गोंडी मात्र त्यालाही, स्टीफन्सने मराठी शिकली तशीच, पहिल्या अक्षरापासून शिकावी लागते.