कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात? बंद करण्याआधी हे वाचा

मागच्या रमजानच्या तोंडावर आमच्या मोठ्या मामूंनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. घरात कुणाला सांगितलं नाही. आठ महिन्यांपूर्वीच त्यांना स्टेंट बसवलेला. पायात गोळे येत होते, सजद्यातून उठताना मांड्या भरून येत होत्या, आणि त्यात मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला की ही गोळी म्हणजे स्लो पॉयझन. मामूंनी सगळ्या पट्ट्या कपाटात टाकल्या. ईदनंतर आवराआवर करताना त्या मुमानींच्या हाती लागल्या, तेव्हा कळलं की ती गोळी नव्हतीच, कॅप्सूल होती. त्यात कोलेस्टेरॉलच्या औषधासोबत स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेली दोन औषधंही होती, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. म्हणजे एक औषध सोडतोय असं समजून त्यांनी तीन सोडली होती. अल्हम्दुलिल्लाह, काही विपरीत घडलं नाही. पण डॉक्टर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आम्ही डॉक्टर नाही. मुलांना विज्ञान शिकवतो, एवढंच. पण या प्रकारानंतर आम्ही बरंच वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, आणि लक्षात आलं की मोहल्ल्यात दर चौथ्या घरी हाच प्रश्न आहे. म्हणून हे लिहितोय.

ही गोळी नेमकं काय करते

तुमच्या पट्टीवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असं नाव असेल तर ते स्टॅटिन गटातलं औषध. आपल्या शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल बिर्याणीतून येत नाही, ते शरीर स्वतः बनवतं, आणि त्यात यकृताचा मोठा वाटा असतो. त्या कारखान्यातलं एक महत्त्वाचं विकर हे औषध अडवतं. घरचं उत्पादन घटलं की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, जास्त ओढून घेतं. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात हजारो बुरशा तपासून असं पहिलं द्रव्य शोधलं. 1987 मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन या पहिल्या स्टॅटिनला परवानगी मिळाली. तेव्हापासून लाखो रुग्णांचा अनुभव जमा झालाय. एलडीएल साधारण 39 मिलीग्रॅमने उतरलं की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हे अनेक मोठ्या चाचण्या एकत्र करून दिसलंय.

पण हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही, आणि इथेच लोक गोंधळतात. ज्याला अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला, बायपास झाली, त्याच्यासाठी ही गोळी जीवनावश्यक आहे. त्याचं एलडीएल 70 च्या खाली, काहींचं तर 55 किंवा 50 च्याही खाली ठेवायला डॉक्टर सांगतात. उलट चाळिशीतल्या बाईचा रिपोर्ट जरा वर आला, शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही, घरात कुणाला लवकर हृदयविकार नाही, तर तिथे आधी खाणंपिणं सुधारून तीन महिने थांबण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला जागा आहे. व्हिडिओ बनवणारा या दोघांनाही एकच सल्ला देतो.

दुखणं खरं, पण गोळीचंच का?

सगळ्यात जास्त तक्रार स्नायूंची. गोळीमुळे होणारं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना असतं, आणि ते मांड्या, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत असतं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत ते सुरू होतं, आणि गोळी थांबवली की साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. एकाच गुडघ्यात जिना चढताना कळ येत असेल तर बिचाऱ्या गोळीला दोष देऊ नका, तो सांध्याचा मामला असण्याची शक्यता जास्त.

2022 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली. औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्के लोकांनीही तीच केली! पहिल्या वर्षात हजारांमागे 11 जणांना जादा त्रास झाला, त्यानंतर फरक जवळजवळ उरला नाही.

त्याआधी 2020 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी एक मजेदार प्रयोग केला होता. त्रास होतो म्हणून गोळी सोडलेले 60 लोक घेतले. त्यांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या: चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये नकली गोळ्या, चार रिकाम्या. रोज त्रासाला मार्क द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता. पण स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास वाढला, त्यातला सुमारे 90 टक्के नकली गोळीच्या महिन्यांतही वाढला होता. आपले आकडे स्वतः पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ मामू नाटक करत होते असा नाही. दुखणं खरंच होतं. त्यांच्या बाबतीत कारण वेगळं निघालं. रक्त तपासलं तर थायरॉईड कमी पडलेला. थायरॉईड मंदावला की स्नायू दुखतात, थकवा येतो, शिवाय कोलेस्टेरॉलही वाढतं. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरताही असंच अंग दुखवते. म्हणून गोळी सोडण्याआधी टीएसएच, व्हिटॅमिन डी आणि स्नायूंची सीपीके ही तपासणी करायची का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

एक गोष्ट मात्र थांबू देत नाही. स्नायू प्रचंड दुखतायत, हातापायांतली ताकदच गेलीय आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळसर होतेय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर बोजा येण्याचा हा प्रकार दुर्मिळ आहे, वर्षाला लाखात दोन-तीन जणांना होणारा, पण धोक्याचा आहे. इथे गोळी आधी बंद आणि बोलणं नंतर.

हा धोका वाढवणारी एक चूक आपल्याकडे सर्रास होते. नायट्यासाठी मेडिकलवाल्याकडून परस्पर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आणतात, महिना महिना खातात. हे औषध अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्सही तेच करतात. ग्रेपफ्रूटचा रस मोठ्या प्रमाणात घेतला तर तोच परिणाम होतो, आणि कोकणातली पपनस त्याच घराण्यातली. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी चामडीच्या डॉक्टरकडेही जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.

शुगर, लिव्हर, विसरभोळेपणा

गोळीने शुगर वाढते हे अफवेत जमा करू नका, त्यात तथ्य आहे. 2010 मध्ये 13 चाचण्यांचा हिशेब मांडला गेला: 255 लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जादा मधुमेह होतो. जास्त डोसला हे प्रमाण वाढतं. ज्यांची शुगर आधीच काठावर आहे, पोट सुटलंय, त्यांच्यातच हे मुख्यतः घडतं. पण त्याच 255 लोकांत हृदयाच्या पाचेक मोठ्या घटना टळतात. म्हणून मधुमेह असलेल्यांनाही डॉक्टर हीच गोळी देतात. वर्षातून एकदा एचबीए1सी करून घ्या म्हणजे झालं.

लिव्हरची तपासणी गोळी सुरू करण्याआधी करतात. एन्झाइम थोडे वर-खाली होतात, ते बहुतेकदा आपोआप स्थिरावतात. मर्यादेच्या तिपटीवर गेले तर मात्र डॉक्टर डोस बदलतात किंवा गोळी थांबवतात. स्मरणशक्ती जाते ही भीती मोठ्या चाचण्यांत खरी ठरलेली नाही. कुणाकुणाला गोंधळल्यासारखं वाटतं, ते गोळी बदलल्यावर जातं.

घरातली सून किंवा मुलगी ही गोळी घेत असेल आणि दिवस राहिले असतील किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. या काळात ती सहसा बंद ठेवतात.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि एकापेक्षा जास्त आहेत. पहिला सगळ्यात स्वस्त: डोस कमी करणं. डोस दुप्पट केला तर एलडीएल फक्त सहाएक टक्के आणखी उतरतं. म्हणजे उलट बाजूने डोस निम्मा केला तरी बराचसा फायदा हातात राहतो. आपल्या आशियाई लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त चढतं, म्हणून आपल्याला 5 मिलीग्रॅमपासून सुरू करायची सूचना आहे. कुणाला एक स्टॅटिन सोसत नाही पण दुसरं सोसतं. काहींना डॉक्टर रोसुव्हास्टॅटिन एक दिवसाआड देतात.

दुसरा मार्ग इझेटिमाइबची गोळी. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. एकटी घेतली तर एलडीएल 18 ते 20 टक्के उतरवते, आणि कमी डोसच्या स्टॅटिनसोबत चांगली चालते.

तिसरं औषध बेम्पेडोइक अ‍ॅसिड. हे यकृतात जाऊनच कामाला लागतं, स्नायूंत ते कार्यरत होत नाही. 2023 मध्ये सुमारे 14 हजार अशा लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली ज्यांना स्टॅटिन सोसत नव्हतं, त्यात हृदयाच्या मोठ्या घटना 13 टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र यामुळे युरिक अ‍ॅसिड वाढतं, गाऊट होऊ शकतो, पित्ताचे खडे होऊ शकतात. ज्यांचा अंगठा आधीच सुजतो त्यांनी हे सांगायला विसरू नये.

इंजेक्शनंही आहेत. एव्होलोक्युमॅब, अ‍ॅलिरोक्युमॅब दोन किंवा चार आठवड्यांनी, इन्क्लिसिरान सुरुवातीच्या डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा. एलडीएल निम्म्याने, काही वेळा त्याहूनही जास्त उतरतं. किंमत सामान्य घराला परवडणारी नाही, हे खरं. त्या तुलनेत साधी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्तात मिळते.

फेनोफायब्रेट हा स्टॅटिनचा पर्याय समजू नका. ते मुख्यतः ट्रायग्लिसराइडसाठी असतं.

कलौंजी, लसूण, हिजामा

आता घरचे उपाय. कलौंजी आमच्याही घरात आहे, आणि आदराने आहे. छोट्या अभ्यासांत तिने कोलेस्टेरॉल थोडं उतरल्याचं दिसतं. पण ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत रोसुव्हास्टॅटिनचा 5 मिलीग्रॅमचा लहान डोस एका बाजूला आणि लसूण, दालचिनी, हळद, माशाचं तेल यांच्या गोळ्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या होत्या. 28 दिवसांत रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल सुमारे 38 टक्के उतरवलं, बाकीच्यांपैकी एकही नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. हिजामाने रक्त काढलं तरी यकृताचा कारखाना चालूच राहतो. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी रेड यीस्ट राइसची कॅप्सूल तर गंमतच आहे: तिच्यातलं मुख्य द्रव्य म्हणजेच लोव्हास्टॅटिन, फक्त डोस किती ते कळत नाही.

काम करणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. इसबगोल रोज दहाएक ग्रॅम, भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून थोडा वेळ सोडून. जव, ज्याची तलबीना आपल्याकडे ओळखीची आहे, साखर कमी घालून. मसूर, हरभरा, मूठभर बदाम. नेमाने घेतलं तर यांतल्या प्रत्येकाने एलडीएल पाचेक टक्के उतरतं, एकत्र घेतल्यावर आणखी. डालडा सोडा, मटणाची चरबी काढून टाका, पाया-नहारी महिन्यातून एखाद्या वेळी. चहासोबतची खारी आणि बेकरीचं नानखटाई हे मटणापेक्षाही जास्त वेळा पोटात जातं, ते मोजा.

रमजानमध्ये गोळी सोडण्याचं काही कारण नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच काळ टिकतात, इफ्तारनंतर किंवा तरावीहनंतर घेतल्या तरी चालतात. कॅप्सूलचं जिलेटिन कोणत्या जनावराचं, ही शंका असेल तर तसं सांगा. तीच औषधं साध्या गोळ्यांत सुटी मिळतात. मामूंना आता तशीच लिहून दिलीयत. थायरॉईडची गोळी, रोसुव्हास्टॅटिन कमी डोसमध्ये, सोबत इझेटिमाइब. दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा केलं, डॉक्टरांनी डोस तोच ठेवला.

शेवटची गोष्ट तरुणांसाठी. एलडीएल 190 च्या वर असेल, टाचेमागच्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर चरबीच्या गाठी असतील, घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल, तर हा वारशाने येणारा आजार असू शकतो. साधारण अडीचशे-तीनशे लोकांत एकाला तो असतो. आई-बाप जवळच्या नात्यातले असतील तर दोघांकडूनही तो मुलात उतरण्याची शक्यता वाढते, आणि तसं झालं तर हृदयविकार शाळकरी वयातही होऊ शकतो. अशा घरात पथ्यावर भागत नाही. मुलांचंही लिपिड प्रोफाइल करून घ्या.